युद्धाचा चित्रपट आणि आपली मुलं

(शहापूर येथील विहारात वर्षावासाच्या काळात भरलेल्या पालकसभेतील भाषण)

 

विषय आपल्या सर्वांच्या तोंडी आहेच. युवक मंडळाने प्रस्ताव आणला की, विहाराच्या सभागृहात पडदा लावून मुलांना एक जपानी चित्रपट दाखवावा. चित्रपटाचे नाव ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, म्हणजे काजव्यांचे थडगे. विषय युद्धाचा, आणि शेवट दुःखाचा. प्रस्ताव आला तसे दोन तट पडले. एक माउली सभेत उभी राहून सरळ म्हणाली, “भाऊ, पोरायले मुद्दाम रडवाचं कायले जी? रडाले अख्खी जिंदगी पडली आहे.” त्यावर मंडळातला एक तरुण म्हणाला, “काकू, हीच पोरं रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन याहून भयंकर पाहतात. ते आपल्याला दिसत नाही म्हणून चालते. विहारात सगळ्यांसमोर पाहिले तर काय बिघडते?”

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, म्हणून वाद मिटेना. शेवटी समितीने आम्हा चौघांवर काम सोपवले. आमच्यात दोन निवृत्त शिक्षक, एक अंगणवाडी सेविका आणि एक परिचारिका. सांगितले गेले की, तुम्ही आधी पाहा, आपसांत बोला आणि मग काय ते सर्वांना सांगा. आम्ही तो चित्रपट दोनदा पाहिला. पहिल्यांदा सलग पाहिला. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन, थांबवत थांबवत पाहिला. कारण न पाहता दिलेले मत म्हणजे ऐकीव गोष्टीवर दिलेला निवाडा, आणि ऐकीव गोष्टीवर निवाडा करू नये हे तर आपल्याला तथागतांनीच शिकवले आहे.

येथे वडीलधाऱ्यांना एक जुनी गोष्ट आठवेल. १९८८ साली दूरदर्शनवर गोविंद निहलानींची ‘तमस’ ही मालिका लागली होती. फाळणीच्या दंगलींची कथा. ती बंद करा म्हणून काही लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी आधी ती मालिका स्वतः पाहिली आणि मग ती दाखवायला परवानगी दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ती रोखण्यास नकार दिला. आम्ही काही न्यायमूर्ती नव्हे. पण आधी पाहावे आणि मग बोलावे, एवढी त्यांची रीत आम्ही उचलली.

आता चित्रपट काय आहे ते सांगतो. काळ १९४५ चा, दुसऱ्या महायुद्धाचे शेवटचे महिने. ठिकाण कोबे, जपानमधले बंदराचे शहर. वरून अमेरिकन विमाने येतात आणि आगीचे बॉम्ब टाकतात. तिथली घरे लाकडाची, त्यामुळे बघता बघता वस्त्याच्या वस्त्या जळून जातात. हे खरोखर घडलेले आहे. त्या वर्षीच्या मार्च आणि जून महिन्यांत कोबेवर असे मोठे हल्ले झाले. अशा एका हल्ल्यात चौदा वर्षांचा सैता आणि चार वर्षांची सेत्सुको या भावंडांची आई भाजून मरते. वडील नौदलात, दूर समुद्रावर. पोरं एका नातेवाईक बाईकडे राहायला जातात. ती आधी ठेवून घेते. मग आईची ठेवणीतली वस्त्रे देऊन तांदूळ आणायला लावते. मग ताटात वाढताना तिचा हात आखडतो आणि मग टोमणे सुरू होतात. पोरगा मानी. तो बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या एका भुयारासारख्या आडोशात राहायला जातो. रात्री उजेड नाही म्हणून दोघे काजवे धरून मच्छरदाणीत सोडतात. सकाळी पाहावे तर काजवे मेलेले. ती चिमुरडी खड्डा करून त्यांना पुरते आणि भावाला सांगते की, आईसुद्धा अशीच मातीत आहे, हे तिला कळले आहे. त्यानंतर अन्न संपत जाते. पोरगी उपासमारीने जाते. तिला अग्नी देतो तो तिचा चौदा वर्षांचा भाऊ, एकटा.

भाऊही वाचत नाही. ते तर पहिल्याच दृश्यात सांगून टाकले आहे. २१ सप्टेंबर १९४५ च्या रात्री आपण मेलो, असे सैता स्वतःच सांगतो आणि तिथून कथा मागे जाते.

ही गोष्ट नुसती कल्पनेची नाही. अकियुकी नोसाका नावाच्या लेखकाने १९६७ साली ती लिहिली. कोबेच्या बॉम्बहल्ल्यांत त्यांचे घर गेले आणि त्या वर्षी त्यांची धाकटी बहीण उपासमारीने वारली. तिच्या वाटचे अन्न आपण खाल्ले, ही खंत त्यांना छळत राहिली. चित्रपट काढला इसाओ ताकाहाता यांनी, १९८८ साली. तेही नऊ वर्षांचे असताना ओकायामा शहरावरच्या हल्ल्यात आगीतून पळालेले. म्हणजे ज्यांनी लिहिले आणि ज्यांनी काढले, त्या दोघांच्याही अंगाला ती आग लागून गेलेली होती.

आणि आता महत्त्वाचा मुद्दा. हा चित्रपट हाताने काढलेल्या चित्रांचा आहे. आपल्या भाषेत कार्टून. म्हणून पुष्कळांना वाटते की कार्टून आहे, म्हणजे बारक्या पोरांचे आहे, लावून द्या आणि स्वयंपाकाला लागा. असे मुळीच करू नका. आमच्यातल्या परिचारिका भगिनीने जड जाणाऱ्या दृश्यांची यादी केली, ती पालकांसाठी जशीच्या तशी सांगतो. आईचे भाजलेले, पट्ट्यांनी गुंडाळलेले शरीर आणि त्यावरचे किडे. जाळण्यासाठी रचलेली प्रेते. चोरी केली म्हणून शेतकऱ्याने पोराला केलेली मारहाण. भुकेने भ्रमिष्ट झालेली लहानगी काचेच्या गोट्या गोळ्या समजून चघळते आणि मातीचे गोळे भात म्हणून भावापुढे ठेवते, ते दृश्य. आणि शेवटची चिता. चित्रपट दीड तासाचा आहे. मारामारी जवळजवळ नाही. रक्तही युद्धपटांच्या मानाने थोडेच. पण मोठ्या माणसाच्या घशातही घास उतरू नये असे त्यात आहे. आम्ही चौघेही पाहून झाल्यावर बराच वेळ काही बोललो नाही.

मग दाखवावा की नाही? आधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

आपल्या देशात १९५२ च्या कायद्याने चित्रपटाला प्रमाणपत्र मिळते. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ए’ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. मधला ‘यूए’ हा शिक्का १९८३ पासून आला. २०२३ साली कायद्यात सुधारणा झाली आणि ‘यूए’ चे तीन भाग झाले, सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील. पण नीट ध्यानात घ्या, हे तिन्ही आकडे पालकांना सल्ला म्हणून आहेत. दारावरचा माणूस ‘ए’ च्या चित्रपटाला पोरांना अडवू शकतो. ‘यूए सोळा’ ला तुम्ही बारा वर्षांच्या पोराला हाताशी धरून नेले तर तो अडवणार नाही. याचा अर्थ कायद्याने निर्णय आईबापाच्या हाती दिला आहे. आणि मोबाईलवर तर दारही नाही आणि दारावर माणूसही नाही.

आपण हा निर्णय कसा करतो, ते २०२५ साली अख्ख्या महाराष्ट्राने पाहिले. फेब्रुवारीत लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ चित्रपट आला. छत्रपती संभाजी महाराजांविषयी आपल्या सर्वांच्या मनात आदर आहे आणि त्यांनी सोसलेल्या यातना इतिहासात नोंदलेल्या आहेत. त्याबद्दल दुमत नाही. पण त्या चित्रपटावर ‘यूए सोळा’ चा शिक्का होता, कारण शेवटचा छळाचा भाग फार जीवघेणा आहे. तरीही लोक कडेवरची लेकरे घेऊन गेले. चित्रपटगृहात हमसून हमसून रडणाऱ्या लहान मुलांची दृश्ये मोबाईलवर फिरली, आणि लोकांनी ती कौतुकाने पुढे पाठवली. त्या लेकरांना घरी नेल्यावर कोणी जवळ बसवून विचारले असेल का, की बाळा, तुला काय वाटले? मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, या चित्रपटानंतर औरंगजेबाविषयी लोकांच्या भावना भडकल्या आहेत. दंगलीची कारणे अनेक असतात. तो वाद आज येथे नको. आमचे म्हणणे एवढेच की, चित्रपट पाहायला गेलेला माणूस जसा गेला तसाच परत येत नाही, हे आता सरकारदरबारीही मान्य झालेले आहे. मोठ्यांची ही गत, तर तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या पोरापोरींचे काय?

म्हणून आम्ही कसोटी शोधू लागलो. पहिली सोपी कसोटी म्हणजे रक्त किती आहे, प्रेते किती आहेत, ते मोजा. पण विचार करता ही कसोटी अपुरी वाटली. एखाद्या चित्रपटात शंभर माणसे मरतात आणि पोरं शिट्ट्या मारतात. दुसऱ्यात एकच चिमुरडी मरते आणि सभागृह गप्प होते. यातला कोणता चित्रपट मुलाला जास्त बिघडवतो? मरणाची मजा वाटायला लावणारा की मरणाचे दुःख वाटायला लावणारा? म्हणून रक्त मोजण्याऐवजी, पडद्यावरून उठताना मूल मनात काय घेऊन उठते, ते पाहिले पाहिजे. करुणा घेऊन उठते की द्वेष?

या कसोटीवर काजव्यांचा चित्रपट आम्हाला पूर्ण उतरलेला दिसला. त्यात शत्रूचा चेहराच नाही. विमाने उंच आकाशात ठिपक्यांसारखी येतात आणि जातात. कोणाचा द्वेष करावा, असे तो शिकवत नाही. उलट तो एक अवघड गोष्ट दाखवतो. बॉम्ब परक्यांचा होता, पण पोरं मेली ती आपल्या माणसांच्या कोरडेपणाने. ताट आखडणारी नातेवाईक बाई आपली, मारणारा शेतकरी आपला, पोरीला पोषण हवे असे सांगून रिकाम्या हाताने परत पाठवणारा डॉक्टरही आपला. युद्ध सीमेवर माणसे मारते आणि घराघरांत माणसांची मने कोरडी करते. पंगतीत कोणाचे ताट आखडले जाते, हे आपल्या मागच्या पिढ्यांना सांगावे लागत नव्हते. आपल्या मुलांना मात्र आता सांगावे लागते.

आता माउलीच्या आक्षेपाकडे वळतो. पोरांना दुःख दाखवायचेच कशाला?

वर्षावासात आपण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो. त्याच्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी एक प्रश्न टाकला आहे. परंपरा सांगते की, सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले म्हणून घर सोडले. बाबासाहेबांना ते पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी हे कधी पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला कसे पटावे? या तर रोज घडणाऱ्या गोष्टी. आम्ही त्यातून एक साधा अर्थ घेतो. मुलाभोवती कितीही उंच भिंत घाला, दुःख त्याला दिसतेच. भिंत घालून फक्त एवढेच होते की, ते त्याला एकट्याने दिसते.

आणि मग बाबासाहेबांनी घर सोडण्याचे जे कारण दिले, ते युद्धाचेच आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने भर सभेत विरोध केला. दोन्हीकडची दोन-दोन माणसे निवडा, त्यांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी सूचना त्याने मांडली. ती बहुमताने पडली. पुढे वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात आलेच पाहिजे असा ठराव आला, तेव्हाही त्याने नकार दिला आणि परिणाम सोसला. असा नकार देण्याची ताकद कोठून येते? युद्ध झाल्यावर घराघरांत काय उरते, ते मनाच्या डोळ्यांनी आधी पाहता येण्यातून येते. मुलांना ते पाहायला शिकवणे हे धम्माच्या बाहेरचे काम नाही.

येथवर आम्हा चौघांचे एकमत होते. दाखवावा, असेच आमचे मत होत चालले होते. पण आमच्यातल्या अंगणवाडी ताई म्हणाल्या, “दाखवा, पण कोणाले दाखवता ते पाहा जी.” तेव्हा सम्राट अशोकाची एक गोष्ट चर्चेत आली, आणि आमचा निर्णय तिने पक्का केला.

कलिंगचे युद्ध आपल्याला माहीत आहे. दीड लाख माणसे तेथून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट पुढे मेली, हे अशोकाने स्वतः शिलालेखात कोरवले. जिंकलेल्या राजाने आपल्या विजयाचे दुःख दगडावर लिहून ठेवावे, ही जगातली दुर्मिळ गोष्ट. तो तेरावा शिलालेख. गुजरातेत गिरनारला तो आहे, उत्तरेत कालसीला आहे, आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला आहे. पण खुद्द कलिंगात, म्हणजे भुवनेश्वरजवळच्या धौलीला आणि गंजाम जिल्ह्यातल्या जौगडला, इतर लेख आहेत आणि नेमका तेरावा नाही. त्याच्या जागी दुसरे वेगळे लेख कोरलेले आहेत. त्यांत राजा आपल्या अधिकाऱ्यांना सांगतो की, सगळी माणसे आपल्या लेकरांसारखी आहेत, त्यांचा विनाकारण छळ होऊ देऊ नका. अभ्यासकांचे मत असे की, ज्यांनी ते भोगले त्यांच्या डोळ्यांपुढे ती कत्तल पुन्हा मांडू नये म्हणून हे केले गेले असावे.

बंधू-भगिनींनो, आमच्या मते यात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. तेच सत्य गिरनारच्या माणसाला सांगणे गरजेचे होते, कारण त्याने ते पाहिले नव्हते. धौलीच्या माणसाला ते सांगण्याची गरज नव्हती. त्याला धीर हवा होता. चित्रपट तोच असतो. पण पाहणारा गिरनारचा आहे की धौलीचा, हे आधी पाहावे लागते.

आणि आपले शहापूर? आपण गिरनारचे की धौलीचे?

पलीकडे जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. या पंचक्रोशीतल्या कितीतरी चुली तिच्यावर पेटल्या, पोरं शिकली, घरांवर स्लॅब पडले. त्या कामगारांच्या कष्टाला कमी लेखण्याचा विचारही आमच्या मनात नाही. पण २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी तेथे स्फोट झाला आणि आठ माणसे गेली. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. आपली पोरं तेव्हा कोणी शाळेत होती, कोणी घरी होती. कोणाचा बाप ड्युटीवर होता, कोणाचा काका. फोन लागेपर्यंतचा तो वेळ कसा गेला, हे त्या घरांनाच माहीत. अशा घरातल्या मुलाला अंधाऱ्या सभागृहात बसवून पडद्यावर आग, कोसळणारी घरे आणि भाजलेली आई दाखवायची का? इतर शंभर मुलांना जे औषध आहे, ते या मुलाला जखमेवरचे मीठ होईल. आपल्या गावात एकाच सतरंजीवर गिरनारही बसतो आणि धौलीही बसतो. ही आपली अडचण आहे, आणि म्हणूनच ‘दाखवा’ किंवा ‘दाखवू नका’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही.

दुसरीकडे आणखी एक गोष्ट आम्हाला विचारात घ्यावी लागली. आपली पोरं पहाटे महामार्गाच्या कडेने धावतात. कशासाठी, ते सर्वांना ठाऊक आहे. २०२२ पासून अग्निवीर भरती सुरू झाली आणि तिला किमान वय साडेसतरा आहे. महार रेजिमेंटचा आपल्याला अभिमान आहे, सैन्यात गेलेली माणसे आपल्या घराघरांत आहेत. जावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हिशेब पाहा. साडेसतराव्या वर्षी पोरगा फौजेत भरती होऊ शकतो आणि ‘ए’ शिक्क्याचा युद्धपट मात्र त्याला अठरा पूर्ण झाल्यावरच पाहता येतो. मग ज्या पोराच्या हाती दोन वर्षांनी रायफल येऊ शकते, त्याला पंधराव्या-सोळाव्या वर्षी युद्ध म्हणजे काय हे कळायला नको? त्याने आतापर्यंत पाहिलेल्या युद्धपटांत आपला नायक गाणे म्हणत जातो आणि शत्रू ओळीने पडतो. युद्धात चार वर्षांच्या पोरीचे काय होते, हे त्याला कोणी दाखवले आहे? आमच्या मते ते माहीत असलेला शिपाई अधिक चांगला शिपाई होईल आणि माणूसही.

तर सर्व बाजू तोलून आम्ही चौघांनी एकमताने ठरवले ते असे.

एक. तेरा वर्षांखालील मुलांना हा चित्रपट दाखवू नये. कार्टून आहे म्हणून सवलत नाही. धाकट्यांना त्या वेळी बालसंस्कार वर्गात किंवा मैदानावर न्यावे. मोठ्या भावाबहिणींच्या मांडीवर बसवून आणू नये.

दोन. तेरा ते पंधरा वयाच्या मुलामुलींनी घरातले कोणीतरी मोठे माणूस शेजारी असेल तरच पाहावा. आई, वडील, आजी, मामा, कोणीही चालेल. ‘तुम्ही दाखवा, आम्ही नंतर येतो’ हे चालणार नाही. सोळाच्या पुढच्यांना एकटे येता येईल, पण नंतरच्या बैठकीला थांबावे लागेल.

तीन. चित्रपट रात्री न लावता सकाळी लावावा, म्हणजे झोपण्यापूर्वी दिवस मधे जाईल. सभागृहात पूर्ण अंधार करू नये. सुरुवातीलाच कथा आणि शेवट सांगून टाकावा. चित्रपट स्वतःच शेवट आधी सांगतो, तर आपण कशाला लपवावा?

चार. कोणत्याही मुलाला कोणत्याही क्षणी उठून बाहेर जाता येईल. बाहेर महिला मंडळाच्या भगिनी बसलेल्या असतील. उठला म्हणून कोणी हसायचे नाही, “पोट्टा भेला रे” असे म्हणायचे नाही, आणि कारणही विचारायचे नाही.

पाच. ज्या घरांना स्फोटाची झळ लागली, किंवा ज्या घरात अलीकडे मृत्यू झाला, त्या घरी आम्ही आधी जाऊन बोलू. कोण आले नाही याची यादी होणार नाही. त्या दिवशी हजेरीही घ्यायची नाही.

सहा. चित्रपट संपल्यावर लगेच भाषण नको. ही सूचना आम्ही स्वतःलाही करतो, कारण शिक्षकाच्या तोंडाला कुलूप लावणे कठीण असते. आधी चहा-पोहे द्यावेत, पोरांना जरा गप्प बसू द्यावे. मग गोल करून बसावे आणि दोन-तीनच प्रश्न विचारावेत. या भावंडांना कोण वाचवू शकले असते? कोणत्या क्षणी? आणि आपल्या मोहल्ल्यात असे पोर दाराशी आले, तर आपण काय करू? उत्तर आपण द्यायचे नाही, मुलांना देऊ द्यायचे.

सात. पुढचे काही दिवस घरी लक्ष ठेवावे. मूल जेवते का, झोपते का, गप्प गप्प आहे का. एक-दोन दिवस मन जड राहणे स्वाभाविक आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण झोप उडाली, दचकून उठू लागले आणि ते दिवसेंदिवस चालू राहिले, तर डॉक्टरांना दाखवावे. सरकारची ‘टेलिमानस’ नावाची मोफत फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. मनाच्या दुखण्याला फोन करण्यात लाज कसली? ताप आला तर आपण दवाखान्यात जातोच ना.

यावर कोणी म्हणेल की, एका चित्रपटासाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांना आमचे सांगणे आहे की, हा खटाटोप एका चित्रपटापुरता नाही. उद्या दुसरा चित्रपट येईल, परवा मोबाईलवर कोठल्यातरी खऱ्या युद्धाची खरी प्रेते येतील. रोजच येतात. तेथे तुम्ही-आम्ही शेजारी नसू. म्हणून आज एकदा तरी मुलाला असा अनुभव द्यावा की, भयंकर काही पाहिले तर ते कोणाला तरी सांगता येते, त्यावर बोलता येते, आणि बोलल्यावर छातीवरचा दगड थोडा हलतो. ही सवय लागली तर पुढच्या शंभर चित्रपटांची काळजी निम्मी कमी होईल.

त्या माउलीला आमची हात जोडून विनंती आहे. तुम्ही म्हणता, रडायला जिंदगी पडली आहे. खरे आहे. पण एकट्याने रडणे निराळे आणि दुसऱ्याच्या दुःखासाठी चारचौघांत, आईच्या खांद्याला खांदा लावून रडणे निराळे. पहिल्याने माणूस खचतो. दुसऱ्याला आपण करुणा म्हणतो. त्या दिवशी तुम्ही या, आणि तुमच्या नातीशेजारीच बसा. तुम्ही आलात तर आमची निम्मी काळजी मिटेल.

आणि मागे उभ्या असलेल्या मंडळींनो, तुम्हाला वाटले असेल की मोठी माणसे तुमचा चित्रपट अडवायला बसली आहेत. तसे नाही. फक्त तेराच्या आतल्यांनी थोडे थांबायचे आहे. चित्रपट पळून जात नाही, आणि तुम्हीही दर वर्षी एक वर्षाने मोठे होणारच आहात.

शेवटी एकच. सिद्धार्थाने सुचवले होते की, चौघांनी बसावे आणि पाचवा निवडावा. आम्ही चौघे बसलो. पाचवा म्हणजे ही सभा. आमचे मत आम्ही दिले, निर्णय तुमचा आहे. ज्यांना यात काही कमी-जास्त सुचवायचे असेल त्यांनी आत्ता बोलावे, आणि मग सर्वांनी हात वर करून ठरवावे. ठरेल ते आम्ही मानू.



भवतु सब्ब मंगलम्. नमो बुद्धाय, जयभीम!